तीन मुठी मीठ

शिवलीला मॅडमना एक खोड होती आणि ती त्यांनी घरात कुणाला कळू दिली नव्हती. सकाळी चहाचं आधण गॅसवर चढायच्या आधी त्या मोबाईल उघडून आपली सायटेशनं किती झाली ते बघायच्या. लोक सोन्याचा भाव बघतात, कांद्याचा बघतात, तसं. सायटेशन म्हणजे काय, तर तुम्ही एखादा शोधनिबंध लिहिलात आणि दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमचं नाव घेऊन त्याचा दाखला दिला, की तुमच्या खात्यावर एक आकडा चढला. जेवढी माणसं नाव घेतील तेवढे तुम्ही मोठे. आता नाव कशासाठी घेतलं, हे कोण बघतंय? मॅडमनीही बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मॅडम सोलापुरातल्या एका कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायच्या. अठरा वर्षांत त्यांनी एकोणीस निबंध लिहिले. त्यातल्या अठरांना काळं कुत्रं विचारत नव्हतं. एकोणिसावा मात्र असा चालला की विचारायची सोय नाही. तो चिंचेचा होता. जे औषधी रसायन बनवायला डोकं धरवणारे, महागडे, विषारी द्रव लागतात, ते मॅडमनी चिंचेच्या कोळात बनवून दाखवलं होतं. नुसता कोळ करायचा, त्यात दोन पदार्थ टाकायचे, तासभर ढवळायचं, की पांढरा शुभ्र साका खाली बसतो. यील्ड एक्याण्णव टक्के. यील्ड म्हणजे उसाला जसा साखरेचा उतारा असतो ना, तसंच. शंभर यायला हवेत तिथं किती हाती लागले, त्याचा हिशेब. चिंचेच्या पाण्यात एक्याण्णव म्हणजे भलताच उतारा झाला. तीन वर्षांत त्या निबंधाला एकेचाळीस सायटेशनं झाली.

प्राचार्य राजशेखर सर इतिहासाचे. त्यांना रसायनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडा कळत होता. कॉलेजची तपासणी जवळ आली होती, आणि अख्ख्या कॉलेजात एवढी सायटेशनं कुणाच्याच निबंधाला नव्हती. सरांनी विज्ञान दिनाला, अठ्ठावीस फेब्रुवारीला, मॅडमचा सत्कार ठरवला आणि महिनाभर आधीच गेटवर फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्यानं मॅडमना एवढं गोरं केलं होतं की वॉचमननं मॅडमच्या हाताखालच्या ऋतुजाला विचारलं, ह्या नवीन मॅडम कोण? खाली बोटभर जाडीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘४१ सायटेशन’. मॅडम वरवर म्हणायच्या, कशाला सर हे सगळं. पण गेटमधून आत शिरताना त्यांची स्कूटी आपोआप हळू व्हायची.

आणि मग सहा फेब्रुवारीला ती मेल आली.

ज्या परदेशी नियतकालिकात निबंध छापला होता, त्याच्या संपादकाची. भाषा एकदम अदबीची. तुमच्या प्रयोगाबद्दल बऱ्याच प्रयोगशाळांकडून तक्रारी आल्या आहेत, तुम्ही म्हणता तसं यील्ड कुणालाच मिळत नाही. पाच मार्चपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर निबंध मागे घ्यावा लागेल. मागे घेणं म्हणजे काढून टाकणं असतं तर मॅडमनी सोसलं असतं. पण तसं नसतं. निबंध जिथल्या तिथं राहतो, आणि त्याच्या प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का बसतो, जन्मभरासाठी. नावाला बट्टा लागला की लागला.

त्या दिवशी मॅडमनी पहिल्यांदा ते एकेचाळीस निबंध उघडून वाचले. पंधरा जणांनी रीत म्हणून नाव घेतलं होतं. उरलेल्या सव्वीस जणांनी लिहिलं होतं, की ही पद्धत आम्ही करून पाहिली, आम्हाला ती साधली नाही. विज्ञानातली शिवी फार सभ्य असते. पोर्तुगालातल्या इनेस नावाच्या एका बाईंनी तर सहा वेळा प्रयोग करून तक्ता दिला होता, छत्तीस, सदतीस, पस्तीस. तीन वर्षं रोज सकाळी आपण आपल्याच नालस्तीचा आकडा मोजून खूश होत होतो, हे मॅडमना कळलं आणि त्यांना आपलीच भयंकर लाज वाटली. चहा उतू गेला तो वेगळाच.

ऋतुजा ही मॅडमची पीएचडीची विद्यार्थिनी, सांगोला तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी. बोलायला फटकळ, हाताला स्वच्छ. मॅडमनी तिला मेल दाखवली. तिनं ती दोनदा वाचली आणि ॲप्रन चढवला.

“करून बघू की मॅडम. हातच्या कंकणाला आरसा कशाला.”

कपाटात मॅडमच्या आईनं, मल्लव्वानं दिलेल्या चिंचेचा स्टीलचा डबा होता. पहिल्यापासून सगळे प्रयोग त्याच चिंचेवर झाले होते. घरची चिंच असताना बाजारातून कोण आणतं? ऋतुजानं चार दिवसांत चार वेळा प्रयोग केला. एक्याण्णव, नव्वद, ब्याण्णव, एक्याण्णव.

“येतंय की,” ऋतुजा म्हणाली. “त्यांनाच ढवळता येत नसंल.”

मॅडमच्या जिवात जीव आला. दोन दिवस त्या जरा जास्तच ताठ चालल्या. नाचता येईना, अंगण वाकडं, असं त्यांनी पोर्तुगालच्या बाईंबद्दल मनातल्या मनात म्हणूनही घेतलं. पण चौथ्या प्रयोगाला डबा तळाला गेला. खुलाशाबरोबर दहा प्रयोगांचे आकडे जोडायचे होते, म्हणून ऋतुजा गावाकडून यंदाची ताजी चिंच घेऊन आली. टरफलं काढली, चिंचोके काढले, कोळ केला आणि प्रयोग लावला.

सदतीस.

पुन्हा केला, पस्तीस. ऋतुजाचं तोंड एवढंसं झालं. मॅडमनी तिला बाजूला सारलं, बाह्या वर केल्या आणि स्वतःच्या हातानं सगळं केलं, अगदी थेंब थेंब मोजून. छत्तीस आले. म्हणजे त्या पोर्तुगालच्या बाईंना आले होते तेवढेच, ना कमी ना जास्त.

मग मॅडम स्टुलावर बसून राहिल्या. खोटं तर आपण काही लिहिलं नाही, ही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण ती जगात दुसऱ्या कुणालाही पटवून देता येणार नव्हती. कुणी विचारलं की हा आकडा कुठून आला, तर आईच्या डब्यातून आला म्हणून सांगायचं होतं का?

राजशेखर सरांच्या कानावर घालणं भाग होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीतून गेटवरच्या फ्लेक्सकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

“मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची,” ते म्हणाले. “सत्कार होऊ द्या, तपासणीवाले येऊन जाऊ द्या. मग तुम्ही काय उघडायचं ते उघडा. पाच मार्च पुढं आहे की अजून.”

“सर, त्यातली सव्वीस माणसं मला चुकीची म्हणतायत.”

“नाव घेऊनच म्हणतायत ना? मग झालं तर.”

सर वाईट नव्हते. इतिहासाच्या माणसाला लढाई हरलेला राजासुद्धा कामाचाच वाटतो. पण मॅडमना त्या रात्री जेवण गेलं नाही.

बावीस तारखेला रविवार होता. मॅडम स्कूटीवरून कुंभारीला माहेरी गेल्या. आता त्यांचा सगळा संशय चिंचेच्या झाडावर होता. आपल्या झाडाच्या मातीत काही असेल, पाण्यात काही असेल, म्हणून त्या झाडाची ताजी चिंच न्यायला आल्या होत्या. दारातच चिंच फोडायचं काम चाललेलं. मल्लव्वा पोत्यावर मांडी घालून बसली होती, हातात लाकडी थापी, पुढं टरफलांचा ढीग, आणि पलीकडं फोडून, चिंचोके काढून ठेवलेली मऊ चिंच. सत्तरीची बाई, पण थापीचा एक घाव वाया जात नव्हता.

“आलीस, शिवा? तोंड का उतरलंय गं?”

मॅडमनी आईला शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. की तुझ्या डब्यातल्या चिंचेनं होतं आणि दुसऱ्या कुणाच्याच चिंचेनं होत नाही, आणि लोक मला खोटारडी म्हणणार. मल्लव्वानं सगळं ऐकलं, थापी मात्र थांबवली नाही.

“माझी पोरगी खोटं बोलायची न्हाय,” ती म्हणाली. “दुसरं कायतरी चुकलंय. आदी भाकरी खा.”

शेंगाची चटणी, दही आणि कडक भाकरी असल्यावर माणसाचं दुःख निम्मं तरी होतंच. मॅडम ताट घेऊन उंबऱ्यावर बसल्या. मल्लव्वानं सुपात चिंच भरली. बाजूच्या गाडग्यात हात घातला, मूठ भरली, चिंचेवर सोडली. दुसरी मूठ, तिसरी मूठ. मग दोन्ही हातांनी चिंच मळायला घेतली आणि गोळे वळायला लागली. मॅडमनी हे दर वर्षी बघितलं होतं, परकरात होत्या तेव्हापासून. भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडाशी गेला आणि तिथंच थांबला.

“अव्वा, ते काय टाकलंस?”

“मीठ.”

“कशाला?”

मल्लव्वानं हात थांबवले. सत्तावीस वर्षं शाळा-कॉलेज शिकलेली लेक असं विचारते म्हटल्यावर कुठल्याही आईचे हात थांबतील.

“कशाला म्हंजे? बिनमिठाची चिंच वरीसभर टिकती व्हय? आळ्या पडत्यात, काळी पडती. तू हितंच वाढलीस की गं.”

“आणि मला डब्यात दिली होतीस ती?”

“तुला येगळी देऊ व्हय? तू काय पावनी हायस?”

मॅडमनी ताट खाली ठेवलं. निबंधात त्यांनी लिहिलं होतं, ‘स्थानिक चिंच, शंभर ग्रॅम’. मिठाचा एक शब्द नव्हता. कारण त्यांच्या घरात, शेजारी, अख्ख्या आळीत घरातली चिंच म्हणजे मीठ लावलेलीच. भाकरी म्हणताना ती भाजलेली आहे हे कुणी वेगळं सांगत नाही, तसं. आणि पुढचं तर त्याहून लाजिरवाणं. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून साबण करून घेताना मॅडम अठरा वर्षं शिकवत होत्या, की आता मीठ टाका, मिठानं पाण्यात साबणाला जागा उरत नाही, तो आपोआप वेगळा होऊन वर येतो. तेच मीठ त्यांच्या चिंचेच्या कोळात बसून त्यांचं रसायन बाहेर काढत होतं, आणि त्या सगळ्या जगाला चिंचेचे गुण सांगत सुटल्या होत्या.

त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मल्लव्वाला काही कळलं नाही, पण लेक हसतेय म्हटल्यावर तीही हसली.

सोमवारी एकाच झाडाची चिंच, एक मीठ लावलेली आणि एक तशीच, शेजारी शेजारी प्रयोगाला लागली. तशीच होती तिनं छत्तीस दिले. मीठ लावलेलीनं एक्याण्णव. मग ऋतुजानं आपल्या गावच्या चिंचेत कॅन्टीनमधून आणलेलं मीठ घातलं, तिनंही नव्वद दिले. ऋतुजानं आकडा वहीत लिहिला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, आपण तीन वर्षं मिठाला जागलोच नाही की.”

पण खुलाशात मीठ किती ते लिहायला हवं होतं, आणि मल्लव्वाचं माप होतं सुपाला तीन मुठी. मूठ हे काही माप आहे का? संपादक विचारणार, कुणाची मूठ? म्हणून गुरुवारी मल्लव्वा सूप आणि मिठाचं गाडगं घेऊन प्रयोगशाळेत हजर झाली. डोक्यावर पदर, कपाळाला विभूती. आत येताना तिनं चपला दाराबाहेर काढल्या, त्या ऋतुजानं तिला पुन्हा घालायला लावल्या. लॅबमध्ये अनवाणी चालत नाही, म्हणाली. देवळात चालतं आणि हितं चालत न्हाय, हे मल्लव्वाला काही पटलं नाही.

ऋतुजानं तराजूवर कागद ठेवला. मल्लव्वानं मूठ भरून सोडली. अठ्ठावन्न ग्रॅम. दुसरी, अठ्ठावन्न. तिसरी, सत्तावन्न. अशा दहा मुठी झाल्या आणि सगळ्या सत्तावन्न ते एकोणसाठच्या मधे. ऋतुजाला राहवलं नाही, तिनं स्वतःच्या पाच मुठी टाकून बघितल्या. एकतीस, एकोणपन्नास, चाळीस, काही धरबंदच नाही.

“आजी, तुमची मूठ आहे का मशीन?” ऋतुजानं विचारलं.

“माझी कुटली?” मल्लव्वा हात झटकत म्हणाली. “ही अत्तीची मूठ हाय.”

अत्ती म्हणजे मल्लव्वाची सासू, बसम्मा. शिवलीला मॅडमना आपली ही आजी अंधूक आठवत होती, काठी टेकत चालणारी, सगळ्यांना धाक असलेली.

“नवी लगीन हून आले तवा मला कुटलं काय येतंय? मी मूठ भरली की अत्ती म्हनायची, उगड. मी उगडायची. जास्ती आसलं तर झटकायची, कमी आसलं तर परत भर म्हनायची. पुरा एक मोसम. हाताला मिठानं भेगा पडल्या, मी मागल्या दारी जाऊन रडायची. म्हातारी लई कडक. पन तवापासनं मूठ चुकली न्हाय बग.”

अठरा वर्षं मॅडम पोरांना हेच सांगत होत्या, पुन्हा कर, पुन्हा कर, आकडा तोच येईपर्यंत.

ऋतुजा सूपभर चिंच तोलत होती तेवढ्यात मल्लव्वानं विचारलं, “शिवा, ते गेटवर तुजं चित्र लावलंय, एकेचाळीस म्हनून. ते काय हाय?”

“सायटेशन, अव्वा. म्हणजे दुसऱ्याचं काम आपण वापरलं, तर त्याचं नाव घेऊन सांगायचं, हे मी ह्याच्याकडून घेतलं.”

“एवडंच?”

“एवढंच.”

“मग हे मिठाचं लिवताना अत्तीचं नाव लिव,” मल्लव्वा म्हणाली. “माझं आसू दे नसू दे. तिचं लिव.”

शुक्रवारी खुलासा गेला. त्यात मीठ ग्रॅममध्ये होतं, चूक कुणाची ते सरळ लिहिलं होतं, आणि शेवटी दाखल्यांच्या यादीत पहिल्याच क्रमांकावर होतं, ‘बसम्मा, कुंभारी. मल्लव्वा यांच्याकडून तोंडी मिळालेली माहिती’. संपादकानं दुसऱ्याच दिवशी कळवलं, की खुलासा तपासायला पोर्तुगालला पाठवला आहे, त्यांचं उत्तर आल्यावर बघू.

आणि तो दुसरा दिवस म्हणजेच विज्ञान दिन. हॉल भरलेला. राजशेखर सरांनी एकेचाळीस हा आकडा भाषणात सात वेळा घेतला आणि शाल उचलली. मॅडम म्हणाल्या, सर, जरा थांबा, आणि माईककडे गेल्या.

“ह्या एकेचाळीसमधली सव्वीस माणसं म्हणतात, की माझा प्रयोग चुकलाय,” त्या म्हणाल्या. “आणि त्यांचं बरोबर आहे.”

सरांच्या हातातली शाल हातातच राहिली. मग मॅडमनी चिंचेचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, भाकरी तोंडाशी थांबली ते सांगितलं. ज्या पोरांनी गेल्याच महिन्यात साबणात मीठ टाकलं होतं ती आधी हसली, आणि मग सगळा हॉल हसला. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मल्लव्वाकडे बोट दाखवून मॅडम म्हणाल्या, ही ती मूठ. लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. राजशेखर सर खरे इतिहासाचे, वारं कुठं फिरलं ते त्यांना लगेच कळलं. ते शाल घेऊन खाली उतरले आणि त्यांनी ती मल्लव्वाच्या खांद्यावर घातली. ‘हे आमच्या कॉलेजचं मीठ आहे’, असं काहीसं ते माईकशिवायच म्हणाले.

पण निबंधाचा फैसला अजून व्हायचाच होता. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. मॅडम टाळ्यांचं सगळं विसरल्या आणि दर तासाला मेल उघडायला लागल्या. चार मार्चला दुपारी त्या चिंचेचे नवे गोळे आणायला म्हणून कुंभारीला गेल्या होत्या, आणि अंगणातच फोन टुणकन वाजला. इनेस बाईंची मेल, प्रत संपादकाला. तुम्ही सांगितलंत तेवढं मीठ घालून तीन वेळा केलं, नव्वद, नव्वद, नव्वद. सहा महिने माझे हातच वाईट आहेत असं मला वाटत होतं, तुम्ही माझी झोप परत दिलीत. निबंध राहिलाच पाहिजे, आणि माझ्या पुढच्या निबंधात मी दाखला देणार आहे, तुमचाही आणि बसम्मा यांचाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मॅडमना वाचताना नीट दिसेना. त्यांनी आईला मराठी करून सांगितलं. मल्लव्वा म्हणाली, परत वाच. त्यांनी परत वाचलं.

“अत्तीचं नाव हाय त्यात?”

“आहे की, अव्वा. बसम्मा. समुद्रापलीकडच्या बाईनं लिहिलंय. आजीला सायटेशन आलं.”

मल्लव्वानं पदरानं डोळे पुसले. जिनं तिला मागल्या दारी रडवलं होतं त्या सासूसाठी ती पन्नास वर्षांनी पुन्हा रडली, आणि ह्या वेळी पुढच्या दारी. मग तिनं थापी उचलली, एक चिंच फोडली आणि लेकीकडे बघितलं.

“नव्वद आलं म्हनतीस न्हवं?”

“नव्वद, तिन्ही वेळा.”

“मग त्या बाईला इचार,” मल्लव्वा म्हणाली, “दहा कुटं सांडलं. अत्ती आसती तर आदी त्येच इचारली आसती.”